भिंतीवरचा पहिला माणूस

"हरवलेल्या माणसाचं नाव?"

"शेन तिंग-यू."

"वय?"

"एकेचाळीस."

"शेवटचा कुठे दिसला?"

"रविवारी संध्याकाळी. नगर नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात."

उपनिरीक्षक याओ मेइ-हुई लिहून घेत होती. समोर माशाची पेज निवत होती. फोनवरच्या बाईचा आवाज सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा.

"घरात काही भांडण? कुणाशी वैर? आजार?"

"आजार होता," बाई म्हणाली. "मार्चमध्ये तो वारला."

याओने पेन खाली ठेवलं. क्षणभराने पुन्हा उचललं.

"आपण कोण?"

"त्याची बायको. को यी-छिंग. इथे सगळे म्हणतायत की फक्त मशीनमधली एक डिस्क गेली. तक्रारीत तसं लिहा हवं तर. पण तुम्ही या."

याओने उरलेली पेज संपवली. ताइनानचं जेवण गोडसर असतं असं बाहेरचे लोक म्हणतात. गेल्या वर्षीच्या तापानंतर तिला गोड काय नि खारट काय, कशाचीच चव लागत नव्हती. वासही येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. तिने वाट पाहणं सोडून दिलं होतं. ती जेवायची, कारण जेवणाची वेळ झालेली असायची.

नाट्यगृहाच्या दालनात डावीकडे तिकीटखिडकी होती, उजवीकडे बाक. समोर ती भिंत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी. छतावरचे प्रोजेक्टर चालू होते, पण भिंतीवर नुसता उजेड पडला होता.

को भिंतीजवळ उभी होती. चाळिशीची, केस आखूड कापलेले, हातात गरम पाण्याची बाटली.

"भिंत नेमकं काय करते ते सांगा," याओ म्हणाली. "मी नाटकाला येत नाही."

"तुम्ही समोर उभ्या राहिलात की वरचा कॅमेरा तुमची आकृती टिपतो. चेहरा नाही, फक्त बाहेरची रेघ. ती सावली होऊन भिंतीत राहते. नंतर दुसरं कुणी आलं की आधी येऊन गेलेल्यांपैकी एक सावली कडेने चालत येते. तो माणूस पहिल्यांदा आला होता तेव्हा जसा चालला, जसा उभा राहिला, तश्शी. मग शेजारी थांबते आणि तुम्ही जे कराल ते करते."

"नक्कल."

"सोबत, असं तिंग-यू म्हणायचा. नाटकाला एकटा आलेला माणूस दालनात अवघडतो. त्याच्याशेजारी कुणीतरी उभं राहावं, एवढीच कल्पना होती. चित्र त्याचं, प्रोग्राम माझा."

"आणि त्याची सावली?"

"पहिली चाचणी त्याच्यावरच केली. म्हणून भिंतीतला पहिला माणूस तोच. समोर एकटंच कुणी असलं की सगळ्यात जुनी सावली येते, असा नियम होता. म्हणजे तोच यायचा. मान चोळत, डावी बाही वर सरकवत." तिने बाटली दुसऱ्या हातात घेतली. "उद्घाटनापर्यंत तो राहिला नाही. पहिले प्रेक्षक म्हणून आम्ही त्याच्या वडिलांना उभं केलं."

"डिस्कची दुसरी प्रत?"

"नाही. दारावर पाटी आहे, तुमची आकृती या भिंतीबाहेर कुठेही ठेवली जाणार नाही. ती त्याची अट होती. तो गेल्यावर मी प्रत काढायला बसले होते. कळीवर बोट ठेवून बसले, आणि न दाबताच उठले."

"फोटो असतील ना तुमच्याकडे."

"फोटो आहेत. आवाजही आहे. पण तो चालतो फक्त इथे. मला तेवढं परत हवंय, मॅडम. कुणी नेलं ते तुम्ही बघा."

भिंतीमागे एक चिंचोळी खोली होती. तंत्रप्रमुख वेंगने दार उघडलं. पन्नाशीचा, अंगाने जाड, कमरेला चिकटपट्ट्यांची गुंडाळी लटकवलेली. उंबऱ्याबाहेरच तो थांबला.

"आत या की," याओ म्हणाली.

"इथूनच सांगतो, मॅडम. आज सकाळी आलो, भिंत पांढरी. इथे येऊन बघितलं तर मशीन चालू, पंखा फिरतोय, आणि आतला कप्पा रिकामा. झाकणाच्या फटीतून दिसतं बघा. मी बोटसुद्धा लावलं नाही."

"का?"

"सातवा महिना तोंडावर आलाय. ते बंधू सुटतात." त्या महिन्यात मेलेले मोकळे सुटतात असं मानतात, आणि त्यांना कुणी भूत म्हणत नाही, बंधू म्हणतात. "आमच्या झाडूवाल्या मावश्या आधीच म्हणतायत, संध्याकाळनंतर त्या भिंतीकडे येणार नाही. मेलेला माणूस रोज चालत येतो म्हणजे काय! मी फान साहेबांना म्हटलं होतं, महिनाभर त्याला बंद ठेवू या. त्यांनी हसण्यावारी नेलं."

मशीन कमरेइतक्या उंचीचं होतं. वरचं झाकण हाताने फिरवायच्या दोन स्क्रूंवर बसलेलं. झाकणावर कुरमुऱ्यांच्या खाऊचं एक पाकीट होतं. या बेटावर असं पाकीट नसलेलं मशीन सापडणं कठीण. खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’, म्हणून मशीनने तसं वागावं यासाठी ते ठेवतात. पोलीस ठाण्याच्या सर्व्हरवरही एक होतं. पाकीट हिरवंच लागतं, पिवळं किंवा लाल ठेवलं की मशीन रुसतं म्हणे.

याओ वाकली. तिच्याकडे पाकिटाची मागची बाजू होती. घटक, वजन, मुदत. मुदत संपलेली नव्हती. झाकण उघडायचं तर पाकीट आधी उचलावंच लागलं असतं.

"हे तुम्ही ठेवलेलं?"

"मीच. बसवलं त्या दिवशी."

"खोलीची किल्ली?"

"पहारेकऱ्याच्या खोलीत खिळ्याला. आपली माणसं घेतात, परत अडकवतात."

पहारेकरी चहा पीत होता. सोमवारी नाट्यगृहाला सुट्टी. बाहेरचं कुणी आलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं.

"आतलं?"

"नेहमीचेच की. सकाळी फान साहेब, त्यांच्या खोलीत. मग वेंगदादा, आवाजाची यंत्रं बघायला. दुपारच्या चहानंतर शेन मास्तर. संध्याकाळी को ताई, स्वतःचं सामान न्यायला."

"शेन मास्तर म्हणजे?"

"तिंग-यूचे वडील, मॅडम. हातबाहुल्यांचे खेळ करायचे, मोठं नाव होतं. रोज येतात. सोमवारी गर्दी नसते म्हणून सोमवारी तर हमखास. मी मागचं दार उघडून देतो, भिंतही चालू करून देतो. भिंतीसमोर उभे राहतात, उजवा हात असा वर करून." त्याने हात डोक्यावर सरळ धरून दाखवला. "मुलाला हाक मारत असतील. मी तर तिकडे बघतच नाही. म्हाताऱ्या माणसाचं ते बघवत नाही."

"दालनात कॅमेरा आहे ना?"

"होता. त्याचा तो न दिसणारा उजेड भिंतीच्या कॅमेऱ्याला त्रास देतो म्हणून बंद केला. मागच्या दारावरचा चालू आहे."

दारावरच्या कॅमेऱ्यात चौघेही येताना-जाताना दिसत होते. फानकडे चामड्याची बॅग. वेंगकडे हत्यारांची पेटी. मास्तरांकडे कापडी पिशवी. कोकडे दोन खोके. डिस्क तळहाताएवढी. कुणीही नेऊ शकलं असतं.

नाट्यगृहाचा संचालक फान पंचेचाळिशीचा होता. सिंगापुरात शिकलेला, बाह्या नीट दुमडलेल्या.

"मी स्पष्ट बोलतो, मॅडम. मला ती भिंत दुसऱ्या कामासाठी हवी होती. एक विमा कंपनी आम्हाला मदत करते, त्यांची फिल्म दाखवायची होती. को ऐकेना. पण त्यासाठी मी चोरी करीन? माझ्या सहीने बंद होते ती भिंत."

"मग बंद का नाही केलीत?"

"रविवारमुळे. कंपनीचा स्नेहमेळावा होता इथे. मला वाटलं, मेलेल्याची सावली बघून चिडतील. उलट! काय धमाल केली लोकांनी. बाकीचे मागे सरायचे, एकेकजण पुढे व्हायचा. एकाने त्याला माकडासारखं खाजवायला लावलं. एकजण गुडघ्यांवर रांगला, तर हाही रांगतोय मागोमाग. बायका हसून हसून बाकावर आडव्या."

"सावली कुणाची ते त्यांना माहीत होतं?"

"सावलीला नाव कुठे असतं?"

"को होत्या?"

"ती रविवारी येत नाही. वेंग होता, आमची इतर माणसं होती. म्हातारबुवा होते, कोपऱ्यातल्या बाकावर. त्यांना कुणीतरी सरबत दिलं."

"वेंग म्हणतात, हे भुताचं काम."

फान हसला. "वेंग! त्याची ती पाकिटं बघितलीत? एकदा भूक लागली म्हणून मी तिकिटाच्या मशीनवरचं फोडून खाल्लं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

"मशीन बंद पडलं का?"

"पडलं," फान म्हणाला. "योगायोग हो, योगायोग."

दुपारच्या चहानंतर म्हातारा आला. सत्तरी ओलांडलेला, ताठ, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पहारेकऱ्याने त्याला पाहून तोंड फिरवलं. तो पांढऱ्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात खाली, अंगाला चिकटलेले. थोडा वेळ भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि वळला.

"मास्तर, मी पोलिसांकडून आलेय."

"मुलगी म्हणाली होती." सुनेला तो मुलगी म्हणत होता. "चला घरी. इथे बसायला बरं नाही."

घर देवळामागच्या गल्लीत होतं. एकच खोली, तीही बाहुल्यांनी भरलेली. भिंतीवर बाहुल्या टांगायच्या आकड्यांची रांग होती. कोपऱ्यात लाकडी पेटी. मास्तरांच्या हातात एक बाहुली होती, एका म्हाताऱ्या पंडिताची. गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेली असावी. बोलता बोलता त्यांनी ती हातात चढवून डोक्याच्या वर धरली. पंडिताने याओकडे पाहिलं, खोकला काढला, दाढी कुरवाळली. मग मास्तरांनी हात बाहेर काढला, बाहुलीच्या तोंडावर लाल कापडाचा तुकडा टाकला आणि तिला पेटीत आडवं केलं.

"आकड्याला नाही टांगत?"

"खेळ चालू असताना टांगायची. खेळ संपला की पेटीत. आत हात नसलेली बाहुली उघड्यावर ठेवायची नाही. कुणीही येऊन बोट घालतं."

त्यांनी चहा ओतला. याओने घोट घेतला.

"छान आहे."

"चव लागत नाही तुम्हाला," मास्तर म्हणाले. "घोट गिळायच्या आधीच छान म्हणायची घाई झाली तुमची."

तिने पेला खाली ठेवला.

"तिंग-यू कामाबद्दल बोलायचा का?"

"बोलायचा. बाहुल्या नाही शिकला, पण पेट्या करायला शिकला असं म्हणायचा. मला नेऊन दाखवलं होतं. बाबा, सगळी माणसं या एवढ्याशा डब्यात झोपतात, म्हणाला."

"सावली गेली. तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरांनी पेला दोन्ही हातांत धरला. "मार्चमध्ये जे वाटायचं ते वाटून झालं. आता काही वाटत नाही. सकाळ होते, दुपार होते."

निघताना याओची नजर देवघराकडे गेली. नाटकवाल्यांचा देव, काळवंडलेला. समोर संत्री आणि बिस्किटांचे पुडे. पुड्यांच्या मागच्या बाजू तिच्याकडे होत्या. बारीक अक्षरांतली घटकांची यादी तिला दारातूनही ओळखता आली.

बुधवारी सकाळी ती तिकीटखिडकीपाशी उभी राहिली. तिकिटाच्या मशीनवर हिरवं पाकीट होतं. प्रकाशाच्या टेबलावर होतं. आवाजाच्या टेबलावर दोन. तिने वेंगला बोलावलं.

"ही सगळी पाकिटं आपल्याकडे तोंड करून का?"

"अहो, त्यावर लिहिलेलं काम करणाऱ्याला दिसायला नको? मशीनला कुठे वाचता येतं!"

"आणि मशीन उघडलं, काही काढलं-घातलं तर?"

"जुनं पाकीट फेकून द्यायचं. नवं ठेवायचं. उघडलेल्या मशीनवर जुनं कुणी ठेवत नाही, मॅडम. शिकाऊ पोरालाही कळतं."

"भिंतीमागे जाऊन बघा. दारातून बघा."

वेंग गेला, आणि लगेच परत आला. तोंड उतरलं होतं.

"कालच दिसायला हवं होतं मला. पाकिटाने पाठ फिरवलीये."

"काल तुम्ही रिकामा कप्पा बघत होता," याओ म्हणाली. "दुपारी सगळ्यांना दालनात थांबायला सांगा."

दुपारी फान, वेंग आणि को बाकावर बसले होते. मास्तर त्यांच्या वेळेला आले. याओने त्यांनाही बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

"आपल्यापैकी कुणी चोर नाही, हे पोलिसांना लवकर कळलं तर बरं," फान म्हणाला. "संध्याकाळी प्रयोग आहे."

"डिस्क इथल्याच माणसाने नेली," याओ म्हणाली. "सोमवारी आलेल्या चौघांपैकी एकाने. ती न्यायला झाकण उघडावं लागलं. झाकण उघडायला पाकीट उचलावं लागलं. नेणाऱ्याने ते बाजूला ठेवलं, डिस्क काढली, झाकण लावलं आणि पाकीट परत जागेवर ठेवलं. घाईतल्या माणसाने एवढं का करावं?"

वेंगने कमरेची गुंडाळी चाचपली.

"फान साहेब, तुम्ही पाकीट परत ठेवलं नसतं. तुम्ही ते खाल्लं असतं."

वेंगला हसू आलं. त्याने ते गिळलं.

"वेंग, तुम्ही जुनं पाकीट परत ठेवलं नसतं. नवं आणून, तोंड आपल्याकडे करून ठेवलं असतं. तुमच्या हाताला तीच सवय आहे. आणि महिना तोंडावर असताना मेलेल्याचा डबा तुम्ही घरी नेणार नाही."

"मेलो तरी नाही," वेंग म्हणाला.

"को ताई, तुम्हाला झाकण उघडायची गरजच नव्हती. तुम्ही घरी बसून ही सावली पुसू शकला असता. त्यातून पाकीट कसं ठेवायचं हे तुम्हालाही माहीत आहे." याओने एक श्वास घेतला. "मग उरतं काय? पाकिटाचा मान ठेवणारा माणूस. पण मशीनवाल्यांची रीत माहीत नसलेला. ज्याच्या लेखी तो खाऊ म्हणजे नैवेद्य. नैवेद्य हलवावा लागला तर तो दोन्ही हातांनी उचलतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. आणि ठेवताना त्याचं तोंड आपल्याकडे करत नाही. देवाकडे करतो."

कोने मान वळवली. सगळ्यात शेवटी वेंगला कळलं.

"मास्तर?" तो म्हणाला. "अहो, पण त्यांचाच तर मुलगा..."

"म्हणूनच कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. पहारेकऱ्याने तोंड फिरवलं, मला म्हणाला, ते बघवत नाही. त्याच वेळात खिळ्यावरची किल्ली घेऊन ते भिंतीमागे जाऊन आले. डिस्क कुठली हे मुलानेच दाखवलं होतं." याओ मास्तरांकडे वळली. "इथे सगळ्यांना वाटतं, तुम्ही हात वर करून मुलाला हाक मारता. काल घरी तुम्ही तो पंडित हातावर चढवलात. हात अगदी तसाच होता. तुम्ही हाक मारत नव्हता."

"नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही त्याला धरत होता."

"माझा हात वर असला की त्याचा हात वर. तेवढा वेळ तरी तो माझ्या हातावर असायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"मंगळवारी तुम्ही आलात तेव्हा हात खाली होते. तो नाही हे सुनेने सांगितलं असलं, तरी तो येतो का ते बापाने एकदा हात वर करून बघितलं असतं. तो येणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

"पेटी भरल्यावर मंच रिकामा झाला का, ते एकदा बघायचं असतं. काही राहून जातं कधी कधी." त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "रविवारी मी त्या बाकावर होतो. कुणीतरी सरबत दिलं, मी घेतलं. त्या लोकांचा दोष नाही. बाहुली दिसली की माणूस बोट घालतो. पोरं रोजच त्याला उड्या मारायला लावायची, ते चालायचं. रविवारी त्याला रांगवला. साठ वर्षं मी बाहुल्या नाचवल्या, कुणाच्या हाती दिल्या नाहीत. आणि माझा मुलगा आकड्याला टांगलेला. दिवसभर."

फानने दुमडलेल्या बाह्यांकडे पाहिलं. एक उलगडली आणि पुन्हा दुमडली.

"मला का नाही सांगितलंत?" को म्हणाली.

"तुला तो चालताना बघायचा असतो. तुझ्याकडे मागितला असता तर तू दिला असतास. मग तुझ्याकडे काय राहिलं असतं? मागण्यापेक्षा चोरी बरी वाटली."

"मी पोलिसात गेले, बाबा."

"बरोबर केलंस. माणूस हरवला की जावंच."

मास्तरांनी कापडी पिशवीत हात घातला. लाल कापडात गुंडाळलेली डिस्क बाहेर काढली. ती ते सोबत घेऊनच आले होते.

"काल तुम्ही देवघराकडे बघितलंत," ते याओला म्हणाले. "तेव्हाच कळलं."

फान खाकरला. "डिस्क नाट्यगृहाची आहे. म्हणजे, कागदोपत्री..."

"हरवलेली वस्तू सापडली, एवढंच लिहायचं झालं तर मला आत्ता लिहिता येईल," याओ म्हणाली. "तुम्ही सांगा."

फानने को आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. "तसं लिहा," तो म्हणाला.

को उठली. "यात इतर लोकांच्या सावल्या आहेत. त्या इथेच राहायला हव्यात. पण एक सावली मला हलवता येईल. प्रत नाही काढायची. इथून उचलायची, छोट्या डिस्कवर ठेवायची. मग इथे ती नसेल." तिने मास्तरांकडे पाहिलं. "ती तुमच्या पेटीत ठेवा. मला बघायचा असला की मी छोटा प्रोजेक्टर घेऊन घरी येईन."

"पेटी उघडीन मी."

"आधी एकदा बघू?"

वेंगने भिंतीमागे जाऊन डिस्क बसवली. या वेळी तो उंबऱ्यावर थांबला नाही. परत येताना जुनं पाकीट त्याच्या हातात होतं. ते कुठे फेकावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते मास्तरांना दिलं.

सगळे मागे सरले. को एकटी भिंतीसमोर गेली.

डाव्या कडेने सावली आली. जरा वाकून चालणारी. मध्येच थांबून तिने मान चोळली, डावी बाही वर सरकवली. मग कोच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

को हलली नाही. त्यामुळे तोही हलला नाही. तिने त्याला काहीच करायला लावलं नाही. दोघं तशीच उभी राहिली, प्रयोगासाठी दार उघडायची वेळ होईपर्यंत. मग ती वळली, संगणकापाशी बसली आणि या वेळी ठेवलेलं बोट दाबलं.

सातवा महिना लागला. दुकानांपुढे टेबलं मांडून लोकांनी फळं, खाऊ, बिअरच्या बाटल्या ठेवल्या. एका दुपारी याओ सापडल्याच्या कागदावर फानची सही घ्यायला नाट्यगृहात गेली. तो बैठकीत होता. दालनात कुणी नव्हतं. पहारेकऱ्याने विचारलं, मॅडम, एकदा उभ्या राहून बघणार का? आता मावश्याही येतात झाडायला.

ती भिंतीसमोर उभी राहिली. तिची रेघ उमटली. खांदे पडलेले, हातात फाइल. शेजारी सावली यायला थोडा वेळ लागला.

सगळ्यात जुनी सावली येते, असा नियम होता. पहिला माणूस आता भिंतीत नव्हता. दुसरा आला. ताठ, सावकाश, खांद्याला पिशवी. उद्घाटनाच्या दिवशी पहिले प्रेक्षक म्हणून ज्यांना उभं केलं होतं, ते. सावली मध्यावर थांबली, पिशवी सावरली आणि तिने उजवा हात डोक्याच्या वर सरळ धरला.

हातावर काही नव्हतं.

मग सावलीने याओकडे पाहून तिच्यासारखं व्हायला सुरुवात केली. हात हळूहळू खाली येऊ लागला. याओने फाइल डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला.